बीरगांवची पिकअप

पोस्टिंग रायपूरची होती, राहणं बीरगांवला. एन.सी.सी. बटालियनमध्ये पी.आय. स्टाफ म्हणून दोन-अडीच वर्षं काढायची होती. क्वार्टरची यादी लांब, शहरातलं भाडं न परवडणारं. मग कुणीतरी बीरगांव सुचवलं. रायपूरला चिकटलेलं, पण नगर निगम वेगळी. एका बाजूला उरला, पुढे सिलतरा, सगळा कारखान्यांचा पट्टा. सकाळी गच्चीवर हात फिरवला की तळवा काळा होतो. आमची मंडळी पहिल्या आठवड्यात म्हणाली, "अहो, इथं कपडे वाळत घालायचे की रंगवायला?" नंतर तिलाही सवय झाली. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ सापडलं, हळदीकुंकवाच्या ओळखी झाल्या. रायपूरला मराठी माणसं भोसल्यांच्या अमलापासून आहेत, त्यामुळे परकं वाटत नाही. असो. सांगायचंय ते घरमालकांच्या पिकअपबद्दल.

घरमालकांना सगळी गल्ली कका म्हणायची, छत्तीसगढीत काकांना कका. मीही कका म्हणू लागलो. त्यांची एक जुनी डिझेल पिकअप होती, चार सिलिंडरची. संध्याकाळी धमधाच्या बाजूला जाऊन टोमॅटोचे कॅरेट भरायचे, रात्री गाडी दारात उभी करायची आणि पहाटे साडेतीनला शहर ओलांडून डुमरतराईच्या ठोक बाजारात पोचायचं. लिलाव पहाटे लागतो. तासभर उशीर झाला की कॅरेटमागे भाव पडतो आणि शेतकऱ्याला तोंड दाखवायची पंचाईत होते ती वेगळीच. घरात काकी, एक लग्नाची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याला सगळे टूरा म्हणत. टूरा म्हणजे पोरगा, एवढंच. गाडीवर अजून हप्ता चालू होता.

डिसेंबर २०२२. रायपूरची थंडी म्हणजे काय, असं लडाख बघून आलेला माणूस हसून विचारतो. मीही हसलो होतो. पण कारखान्यांच्या पलीकडे मोकळं रान आहे, रात्री पारा दहा-अकरापर्यंत उतरतो आणि जे गाव मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसतं त्याला दहा अंशांतही हुडहुडी भरते. घरोघर गोरसी पेटते, म्हणजे मातीची शेगडी.

एके पहाटे आवाजानं जाग आली. घर्र... घर्र... घर्र... आणि मग नुसतं टक. पुन्हा टक. एमटीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही कळतो. बाहेर आलो तर कका, टूरा आणि उरल्याहून नाइट शिफ्ट करून परतणारा एक शेजारी मिळून भरलेली पिकअप ढकलत होते. भरलेली, म्हणजे टनभर टोमॅटोसकट. मीही खांदा लावला. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर गाडी पांढऱ्या धुराचा लोट सोडत कशीबशी चालू झाली. कका खिडकीतून म्हणाले, "ए बछर जाड़ अब्बड़ हे, फौजी भैया." यंदा थंडी फार आहे.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गंमत अशी की दुपारी तीच गाडी एका सेल्फला चालू व्हायची. त्यामुळे सगळ्यांचं एकमत झालं, दोष थंडीचा.

त्यानंतर जे उपाय झाले ते ऐका. ककांना कुणीतरी सांगितलं की डिझेल गोठतंय, थोडं रॉकेल घाला. लिटरभर घातलं. मी त्यांना थांबवलं. डिझेल थिजतं हे खरं, पण कधी? आपल्याकडच्या साध्या डिझेलची ओतण्याजोगं राहण्याची मर्यादा मानकानुसार हिवाळ्यात ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश असते. ककांच्या टाकीत रोज ताजं हिवाळी डिझेल पडत होतं आणि बाहेर दहा अंश. गोठायचा प्रश्नच नव्हता. रॉकेलनं उलट पंपाचं वंगण कमी होतं. लडाखला आम्ही रॉकेल मिसळायचो, कारण तिथं दुसरा इलाज नव्हता. उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलनं आणलं ते २०१९ च्या नोव्हेंबरात. आमच्या वेळी ते नव्हतं.

दुसरा उपाय काकींचा. पहाटे उठून बघतो तर इंजिनाखाली धगधगती गोरसी. वर डिझेलचा पाइप, शेजारी वायरिंग. मी धावत जाऊन ती ओढून काढली आणि काकींवर आवाज चढला. नंतर वाईट वाटलं. कारण हेच काम लडाखच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांना स्टोव्ह घेऊन करताना मी पाहिलंय, आणि तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

तिसरा उपाय मिस्त्रीचा. त्यानं एअर फिल्टर काढला, काडीला डिझेलचा बोळा गुंडाळला, पेटवला आणि इनटेकच्या तोंडाशी धरून सेल्फ मारायला सांगितलं. गाडी चालू झाली. गरम हवा आत गेली की होणारच. पण जळता चिंधीचा तुकडा आत ओढला गेला तर? नंतर त्यानं धुराकडे बघून निदान केलं. कम्प्रेशन गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल, चाळीस हजार धरून चला. मी त्याला लबाड म्हणणार नाही. पांढरा धूर आणि उशिरा चालू होणं ही कम्प्रेशन गेल्याचीही लक्षणं आहेत. त्यानं मोजलं नाही, एवढंच. रात्री भिंतीपलीकडून कका-काकींचं बोलणं ऐकू आलं. शब्द कळले नाहीत, पण लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज कळला. दुसऱ्या दिवशी काकींच्या गळ्यातली चांदीची सुता नव्हती. गहाण टाकली होती की टाकायची होती, मी विचारलं नाही.

आता माझं ऐका, कारण या सगळ्यात सर्वांत जास्त पैसे मी घालवले, तेही दुसऱ्याचे.

मी छाती पुढे काढून म्हणालो, "कका, इंजिन उघडू नका. बॅटरी गेलीय." चार वर्षं जुनी बॅटरी, टक असा आवाज, पहाटेची थंडी. सरळ गणित. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. उणे १८ अंशांत ती साधारण निम्म्यावर येते. पण रायपुरात उणे १८ कुठं होतं? दहा अंशांत बॅटरी थोडीशीच मंदावते. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही. फौजी बोलला म्हणून ककांनी निमूट साडेसहा हजारांची नवी बॅटरी आणली.

पहिल्या पहाटे गाडी झटक्यात चालू. काकींनी मला चहा पाजला. दुसऱ्या पहाटे जरा कण्हली. चौथ्या पहाटे, घर्र... टक.

त्याच पहाटे ढकलताना टूऱ्याचा पाय चिखलात घसरला. तो मागच्या चाकापुढे आडवा पडला आणि गाडी, चढ असल्यामुळे, मागं आली. मी आणि शेजाऱ्यानं पाठ लावून धरली. काकींनी एक वीट चाकाखाली सरकवली. चाक आणि त्याची पोटरी यांच्यात किती अंतर होतं ते मी सांगत नाही. टूरा उठला, गुडघा खरचटला होता, आणि हसला. ककांनी त्याला एक थप्पड लगावली. नंतर दोघंही गाडीच्या फाळक्याला टेकून उभे राहिले. त्या दिवशी बाजाराला गाडी गेलीच नाही.

मी घरात येऊन बसलो तेव्हा मला बीरगांव दिसत नव्हतं.

२०१२ चा जानेवारी. पोस्टचं नाव सांगत नाही, सांगूही नये. उंची चौदा हजार फुटांच्या वर, रात्री उणे पंचवीस. मी नवखा ड्रायव्हर. ज्यांनी तिथं गाडी सांभाळलीय त्यांना सगळं ठाऊक आहे. गाडी नाकानं उतारावर लावायची, बोनेटवर घोंगडी, दर दोन-तीन तासांनी उठून इंजिन फिरवायचं, नाहीतर बॅटऱ्या काढून बुखारीजवळ न्यायच्या. पहाटे बॅटरी परत लावताना बोटं बधिर झालेली असतात. त्या दिवशी मी टर्मिनल हातानंच फिरवलं, पाना लावला नाही. फर्स्ट परेडच्या रजिस्टरात मात्र सगळं ठीक म्हणून सही केली.

रात्री एका जवानाच्या छातीत पाणी झालं. उंचीवर होतं ते. श्वास घेताना कढई उकळल्यासारखा आवाज येत होता. त्याला एकच औषध, खाली न्यायचं. मी चावी फिरवली आणि ऐकलं, टक. चाळीस मिनिटं गेली. चौथ्या मिनिटाला मी दुसरी बॅटरी मागवली. दहाव्याला सेल्फवर हातोडी मारली. शेवटी ई.एम.ई. चा हवालदार मेकॅनिक आला, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांनी काहीच बदललं नाही. टॉर्च धरला, मला सेल्फ मारायला लावलं आणि टर्मिनलला बोट लावून म्हणाले, "ये गरम है." पान्याचा एक फेरा दिला, गाडी चालू. तो जवान वाचला. आज तो साताऱ्याकडं शेती करतो, दिवाळीला फोन येतो. त्याला ती चाळीस मिनिटं माहीत नाहीत. उस्तादांनीही कुठं लिहिलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून महिनाभर फर्स्ट परेडला माझ्या शेजारी येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत.

जिथं करंटला अडथळा होतो तिथं गरम होतं, एवढं ते मला शिकवून गेले होते. आणि दहा वर्षांनी बीरगांवला मी अंदाजानं बॅटरी बदलून मोकळा झालो.

गरम या शब्दावरून आठवलं. पहिल्याच आठवड्यात टूरा मला म्हणाला होता की सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते. मी म्हटलं होतं, "इंजिनाजवळ आहे, लागणारच." अरे, पहाटे साडेतीनला, गार इंजिनाजवळ? मी उठून टूऱ्याला हाक मारली.

रविवारी दुपारी बाजारातून साडेतीनशेचा मल्टिमीटर आणला आणि सोमवारी पहाटे, गाडी रिकामी असताना, दोघं बसलो. पहाटेच, कारण दुपारी गाडी बरी असते. आधी बॅटरी मोजली, १२.४ व्होल्ट. नवी असून पूर्ण भरलेली नाही. मग टूऱ्यानं सेल्फ मारला तेव्हा बॅटरीच्या दोन्ही टोकांवर १०.५. हे ठीक आहे, साडेनऊच्या खाली गेलं तर काळजी. मग सेल्फच्या बोल्टवर आणि सेल्फच्याच बॉडीवर मीटर लावला. ८.३. म्हणजे बॅटरी साडेदहा देतेय आणि सेल्फला सव्वाआठच पोचतायत. सव्वादोन व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. पॉझिटिव्ह बाजूनं मोजलं, ०.३. चालेल. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. मीटरनं दाखवले १.९.

मी गाडीखाली शिरलो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून गिअरबॉक्सपासून चेसीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारेची एक पट्टी असते. अर्थची पट्टी. बॅटरीतून निघालेला करंट सेल्फ फिरवून त्या वाटेनं परत येतो. ती वाट बंद असेल तर तो दुसरी शोधतो, ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा. पट्टी सापडायला वेळ लागला, कारण ती पट्टीसारखी दिसतच नव्हती. चिखल, ऑइल आणि इथली काळी भुकटी यांचा एक गोळा. खरवडला तर आत हिरवी पडलेली तार, निम्म्याहून जास्त धागे तुटलेले. इथल्या लोखंडी धुळीनं आणि पावसाळ्यानं मिळून खाल्ली असावी, हा माझा अंदाज.

सगळं जुळलं. दुपारी इंजिन ऑइल पातळ असतं, सव्वाआठ व्होल्टवरही सेल्फ इंजिन फिरवतो. पहाटे ऑइल घट्ट, त्यात कुणीतरी जुनं इंजिन म्हणून जाड ग्रेडचं ओतलेलं, मग सेल्फची दमछाक. ऑल्टरनेटरचाही अर्थ तोच, त्यामुळे बॅटरी नीट भरत नव्हती आणि नवी बॅटरी चार दिवसांत रडली. उन्हाळ्यात हे कुणाला कळणार? बिघाड बहुधा वर्षभराचा, थंडीनं फक्त चुगली केली.

नवी पट्टी दीडशे रुपयांची. चेसीवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, बोल्ट कसला, वरून ग्रीस. मीटर, ०.२. टूऱ्यानं सेल्फ मारला आणि इंजिन असं गरगरलं की काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पण चालू व्हायला अजून दहा-बारा सेकंद लागत होते आणि पांढरा धूर होताच.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. ढकलणं संपलं होतं. पण पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तापून लाल व्हावी, आणि त्यात डिझेल फवारलं की पेटतं. गार लोखंड ती उष्णता शोषून घेतं, म्हणून सुरुवातीला मदतीला हीटर प्लग असतात. कका चावी लावली की थेट सेल्फ मारायचे. मी विचारलं, डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबत नाही का? कका म्हणाले, तो दिवा कधी लागलेला पाहिलाच नाही. बल्ब उडालेला होता. किती वर्षांपूर्वी, देव जाणे. प्लगांवरची पट्टी काढून एकेकाचा रेझिस्टन्स मोजला. दोन प्लग एक ओहमच्या आसपास, जिवंत. दोन मेलेले.

मेलेले प्लग काढणं हे या सगळ्या कामातलं खरं भीतीचं काम. वर्षानुवर्षं काजळीत जाम झालेले असतात. पाना जोरात मारला आणि प्लग हेडमध्ये तुटला, तर हेड उतरवावं लागतं, म्हणजे मिस्त्रीचे चाळीस हजार वेगळ्या वाटेनं हजर. रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीनंतर इंजिन अर्धा तास चालवून गरम केलं आणि मगच पाना लावला. पहिला कुरकुरत आला. दुसरा हलेना.

गल्ली जमली होती. मिस्त्रीही आला होता, हाताची घडी घालून उभा. माझ्या मनगटाला तो प्लग पिळ घेतोय असं जाणवलं, म्हणजे तो तुटायच्या वाटेवर होता. मी पाना सोडला. वाटलं, राहू दे, तीन प्लगांवर चालेल. ककांकडे बघितलं, ते माझ्याकडे न बघता गाडीकडे बघत होते. मग मिस्त्री पुढे आला, म्हणाला, "फौजी भैया, आगे मत जाओ. थोड़ा कसो, फिर थोड़ा ढीला करो." म्हणजे सोडवायच्या आधी किंचित आवळायचं. त्यानं पुन्हा तेल सोडलं, इंजिन पुन्हा गरम केलं. अर्धा इंच इकडं, अर्धा इंच तिकडं, असं पाऊण तास. पाना त्याच्या हातात होता, माझ्या नाही. प्लग आला तेव्हा अख्खा आला, टोकाला काळ्या काजळीची टोपी. मिस्त्रीनं तो पुसला, माझ्या हातात दिला आणि मीटर मागून घेतला. "ये कितने का आता है?"

नवे दोन प्लग, एक बल्ब, अर्थची पट्टी आणि मीटर मिळून दोन हजारांच्या आत. मी घ्यायला लावलेल्या बॅटरीच्या एक तृतीयांशही नाही. बॅटरीचे पैसे मी ककांना देऊ केले. ते घेईनात. मग दोन महिन्यांच्या भाड्यात थोडे-थोडे जास्त दिले, काकींनी मोजले आणि काही बोलल्या नाहीत.

६ जानेवारीला छेरछेरा होता, पौष पौर्णिमेचा सण. खळ्यावरचं भात घरी आलेलं असतं आणि पोरं दारोदार धान मागत फिरतात. त्या पहाटे साडेतीनला मी जागा होतो. खिडकीतून दिसलं, टूरा गाडीत बसला, चावी अर्धी फिरवली आणि थांबला. डॅशबोर्डवर तो बारीक पिवळा दिवा लागला. विझला. मग सेल्फ. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन पकडलं. कुणाला उठवायला लागलं नाही. सकाळी दारात टोमॅटोचा एक कॅरेट होता. मंडळी म्हणाली, "अहो, वीस किलो टोमॅटोचं मी करू काय?" आठवडाभर सार पीत होतो. काकींच्या गळ्यात सुता परत कधी आली ते मला पाहता आलं नाही, फेब्रुवारीत कधीतरी दिसली.

पुढच्या वर्षी पोस्टिंग ऑर्डर आली आणि बीरगांव सुटलं. मल्टिमीटर टूऱ्याकडे ठेवून आलो. त्याला एका जुन्या वहीत रकाने आखून दिले होते, तारीख, बॅटरी, ऑइल, पाणी, टायर, आणि शेवटी सहीची जागा. सांगितलं होतं, बघितल्याशिवाय सही करायची नाही. थंडी पडली की अजून त्याचा पहाटे मेसेज येतो. बाकी काही लिहीत नाही, नुसता आकडा असतो. कालचा, १२.६.